सात नंबरच्या खाटेचं ताट

मित्रांनो, मी एक जुनं, कप्प्यांचं स्टीलचं ताट आहे. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या एका लहान कारखान्यात पत्र्याचा सपाट तुकडा यंत्राखाली सरकवला गेला, वरून दणका बसला आणि मला खळगे पडले. मोठा भातासाठी, बाकीचे भाजी-सांबारासाठी. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला बसवनगुडीतल्या एका इस्पितळानं आम्हांला घेतलं आणि प्रत्येकाच्या काठावर खाटेचा आकडा कोरला. माझ्या वाट्याला सात आला. त्या खाटेवर जो येईल, तो माझा.

इस्पितळाचा आहार विभाग कौशल्या अक्का सांभाळत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. मराठी बोलता बोलता त्या कानडीत शिरत आणि परत येत. आहारशास्त्र शिकलेल्या मुली त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकायला येत. अक्का त्यांना सांगत, "औषधानं रोग हटतो, पण जखम अन्नानं भरते. माणूस किती झिजलाय ते आधी शोधा, मग काय वाढायचं ते ठरवा." मग मुली रुग्णाचं वजन करत, दंडाभोवती फीत धरून घेर मोजत आणि रोज काय खाल्लं ते विचारून घेत.

त्यांच्यातली श्वेता पुण्याहून आलेली. तिला पहिल्यांदा एकटीनं सांभाळायला मिळालेले रुग्ण म्हणजे माझे खंडोजीराव. गवीपुरात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, पण जखम भरत नव्हती. पुन्हा उघडून शिवावं लागणार होतं. डॉक्टर श्वेताला म्हणाले, "अंगात थोडी ताकद आल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही."

श्वेतानं विचारपूर्वक आहार ठरवला. भात, घट्ट वरण, चपाती, अंडं, दही. दोन्ही वेळेला मी भरून जात असे आणि लखलखीत होऊन परत येत असे.

"खंडोजीराव, जेवण झालं?" श्वेता विचारी.

"आयतु, अक्का! झालं. झकास." आमच्या बंगळुरात कुठल्याही मुलीला आदरानं अक्का म्हणतात.

श्वेता खूश होई. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसू नये, ही तिची घरची शिकवण. म्हणून मी खाटेवर पोचलं की ती पडदा ओढून निघून जायची. खंडोजीरावांच्या बायको सोयराबाई तेवढ्या आत असायच्या.

एकदा कौशल्या अक्का फेरीला आल्या. श्वेता म्हणाली, "मॅडम, वजन अजिबात उतरलेलं नाही."

अक्कांनी खंडोजीरावांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. "हे अंगात साचलेल्या पाण्याचं वजन. दंड मोज."

दंडाचा घेर मागच्या खेपेपेक्षा कमी भरला. श्वेताचा चेहरा उतरला. "पण ताट तर रोज रिकामं येतं!"

अक्कांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि चक्क हुंगलं. "रिकामं येतं की धुतलेलं येतं? बाकीची ताटं बघ. कुठं सांबार वाळलंय, कुठं भाताची शितं. हे एकटंच आरशासारखं. साबणाचा वास येतोय."

श्वेतानं मला हातात घेऊन स्वतः हुंगून पाहिलं.

"उद्या पडदा ओढ," अक्का म्हणाल्या, "पण आतून."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्वेता स्टूल घेऊन आत बसली.

"काय अक्का, आज आमच्यावर पहारा?" खंडोजीरावांनी हसून विचारलं.

"हो. आणि तुमच्या तोंडाकडेच बघणार आहे."

त्यांनी भात उगाच इकडून तिकडे केला. वरणाचे दोन घास कसेबसे गिळले. चपातीला हात लावला नाही. मग मला हळूच बायकोकडे सरकवलं. सोयराबाईंनी उरलेलं उभ्या उभ्या संपवलं आणि मला घेऊन त्या नळाकडे निघाल्या.

"मावशी, थांबा. ताट तसंच द्या."

"अग बाई! उष्टं ताट परक्या पोरीच्या हातात कसं देऊ? आमच्यात रीत नाही ती."

"आणि जेवण तुम्ही खाल्लंत?"

"अन्न टाकवत नाही ग. मला स्वल्प पुरतं, पण यांचं सगळंच उरतंय!" सोयराबाई नवऱ्याकडे वळल्या. "सांगा की आता! कवळी ढिली झालीय म्हणावं. चावायला गेलं की तोंडात नाचते."

"गप ग! पोरीसमोर दात काढून बसू का?"

"दात काढा, पण जेवा," श्वेता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. "मग रोज झालं, झालं असं कशाला म्हणत होता?"

"म्हणजे?" खंडोजीरावांना प्रश्नच कळेना. "जेवण झालं का विचारल्यावर कोण नाही म्हणतं? आयतु म्हणायचं असतं."

संध्याकाळी श्वेता सगळा आहार बदलायला बसली. अक्कांनी तिला आवरलं. "एकदम ताट भरू नकोस. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर घाईनं उलटतं. स्वल्प स्वल्प, पण पुष्कळदा."

मग माझ्या कप्प्यांत मऊ, कालवलेला वरणभात आला. पुढं अंड्याची लुसलुशीत भुर्जी, पिकलेलं केळं, शेजारी पेल्यात नाचणीची गंजी, म्हणजे पातळ पेज. सोयराबाईंसाठी अक्कांनी स्वयंपाकघरातून वेगळं ताट सुरू केलं. म्हणाल्या, "उपाशी माणूस शेजारी बसला की रुग्णाच्या घशाखाली घास उतरत नाही." मला धुवायला मात्र बाईंना सक्त मनाई झाली. त्या मला पदराखाली झाकून आणून देत, जणू मी चोरीचा माल!

पायांची सूज ओसरली. वजन घटलं, तरी श्वेता घाबरली नाही. कारण दंडाचा घेर वाढू लागला होता. एके दिवशी डॉक्टरांनी मान डोलावली. ऑपरेशन झालं, आणि या वेळी जखम भरली.

घरी जायच्या दिवशी खंडोजीराव बोळक्या तोंडानं जेवले. मग खाटेवरून उतरून, कुणाचा हात न धरता, माझ्यासह दारापर्यंत चालत आले. माझ्या काठावर कढीपत्त्याचं एक पान चिकटलेलं होतं, मधोमध बोटांनी पुसल्याच्या रेघा होत्या.

"घे, अक्का," ते श्वेताला म्हणाले. "उष्टं आहे."

इतक्या सन्मानानं मला कुणी कधीच दिलं नव्हतं.

पुढं झाकणाची नवी ताटं आली. माझा काठ वाकला होता, म्हणून मी फडताळात गेलं. धूळ बसली. वाटलं, आता भंगारात. पण दशक सरता सरता श्वेता स्वतः नव्या मुलींना शिकवू लागली आणि तिनं मला शोधून काढलं. प्रत्येक तुकडीच्या पहिल्या दिवशी ती मला स्वच्छ घासून टेबलावर ठेवते आणि विचारते, "सांगा, रुग्ण जेवला का?"

मुली एका सुरात म्हणतात, "हो!"

ती स्टूल उचलते आणि त्यांना खाटांकडे घेऊन जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी असलं, तर "जेवण झालं का" एवढंच विचारून निघून जाऊ नका. घटकाभर शेजारी बसा. आणि आम्हां ताटांना घासा, खुशाल लखलखीत करा. फक्त घासण्याआधी एकदा आमच्याकडे बघा.