पालथा तांब्या

चंद्रप्पांना एक खोड होती. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, त्यांच्या मुलाचं धान्याचं दुकान होतं आणि ते दिवसभर तिथे गादीवर बसून असत. चाकूरकडून, औशाकडून गाड्या घेऊन आलेला कुणीही समोरून गेला की यांच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "चला घरी, भाकर खाऊ." माणूस ओळखीचा असायलाच हवा, असं काही नव्हतं. तो भुकेला असायलाही हवा, असं नव्हतं. एकदा तर त्यांनी नुकत्याच जेवून ढेकर देणाऱ्या माणसाला हाताला धरून घरी आणलं होतं आणि बिचाऱ्याला दुसऱ्यांदा जेवायला लावलं होतं.

त्यांची बायको लक्ष्मम्मा होती तोवर हे खपून गेलं. भिंतीतलं बळद ज्वारीनं गच्च भरलेलं असे आणि बाईचा हातही सढळ. पण ती गेली आणि पाठोपाठ तिकडे दूर कुठेतरी महायुद्ध पेटलं. लढाई लांबची होती, पण तिनं लातूरचा बाजार खाल्ला. साखर दिसेना, रॉकेल मिळेना, शेतकऱ्याच्या खळ्यावरची ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जाऊ लागली. अशा दिवसांत चंद्रप्पांच्या घरातल्या चुलीचा कारभार सून बसम्माच्या हातात आला.

बसम्मा उदगीरची. अंगानं किरकोळ, पण बेतात पक्की. तिनं पहिल्या महिन्यातच कोठीची खोली उलटीपालटी केली. सासूच्या वेळची उतरंड होती, म्हणजे मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी छतापर्यंत रचलेली. तिच्यात कुठे काय आहे हे फक्त सासूला ठाऊक, आणि सासू तर शिवापाशी. बसम्मानं ती खाली उतरवली. एका मडक्यात तीन वर्षांचे कुळीथ निघाले, दुसऱ्यात पोरकिड्यांचा संसार. तिनं रोजचं हाताशी ठेवलं, सणावाराचं वर नेलं, जुनं पुढे आणि नवं मागे लावलं. डाळीला एरंडेल चोळलं, ज्वारीत कडुलिंबाचा पाला घातला. ज्वारी भरडली की कण्या वेगळ्या, पीठ वेगळं, आणि कोंडा गाईला. शिळ्या भाकरीचे कुटके, ताकाच्या तळाची आंबील, वाळवलेली गवार, अंबाडी. तिच्या हातून काही म्हणजे काही वाया जात नसे. रिकामं झालेलं भांडं घासून पालथं घालायचं, म्हणजे पाल नको, धूळ नको, आणि काय संपलंय ते एका नजरेत कळतं, हा तिचा सगळ्यात कडक नियम. रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ ज्वारी मठाला द्यायच्या मडक्यात पडायची. तेवढी मात्र तिनं कधी चिमटली नाही.

पण दात कोरून पोट भरत नाही. एका दुपारी तिनं घरातल्या तिघांपुरत्या भाकरी थापल्या आणि चंद्रप्पा पाच माणसं घेऊन हजर झाले. पाहुण्यांसमोर सासऱ्याला काय बोलणार? तिनं हसतमुखानं वाढलं. पाहुणे तृप्त होऊन गेले. सगळं आवरल्यावर चंद्रप्पा पाणी प्यायला आत आले, तर सून चुलीपुढे बसून नुसती शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटत होती आणि वर पाणी पीत होती.

"भाकर कुठं हाय तुझी?" त्यांनी विचारलं.

"भूक न्हाई मला, मामा."

चंद्रप्पा काही खुळे नव्हते. ते तिथेच उंबऱ्यावर बसले. "पोरी, तू उपाशी राहून माझं नाव राखलंस व्हय? मग मला सांगायचं न्हाई का?"

"कसं सांगू? चारचौघांत? घराची अब्रू काय ऱ्हाईल?" बसम्माला बोलता बोलता रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल मामा? तुमी बोलवा की. लोकान्ला बोलवू नगा असं मी म्हणते का? पण मला आधी कळायला पायजे आन् तुमाला घरातलं कळायला पायजे."

त्यातून ती युक्ती निघाली, आणि ती बसम्माचीच. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे होती. खिडकीत लक्ष्मम्माचा तांब्याचा तांब्या असायचा. तो सरळ असला तर चंद्रप्पांनी खुशाल पंगत आणावी. पालथा असला तर घरात घरापुरतंच आहे. कुणी कुणाला काही बोलायचं नाही.

"तारकचेरीच काढलीस की गं घरात!" चंद्रप्पा हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "पण एक. पुन्यांदा उपाशी राहायचं न्हाई. शपथ हाय तुला माझी."

युक्ती चालली. चंद्रप्पा पाहुण्याच्या दोन पावलं पुढे चालायला शिकले. कोपऱ्यावरून खिडकीकडे बघायचं, तांब्या पालथा दिसला की कपाळावर हात मारायचा, "अरे, इसरलोच! सून माहेरी गेलीया," आणि पाहुण्याला गंजात परत नेऊन चुरमुरे खाऊ घालायचे. त्यांना दुसरं निमित्त कधी सुचलंच नाही. शेवटी आडावर पाणी भरताना शेजारच्या साखराबाईनं बसम्माला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काय गं, नवऱ्याशी पटंना व्हय? सारखी उदगीरला जातीस म्हणं." बसम्मा हसून हसून घागर सांडून बसली.

पुढे दसरा आला. मन्मथ, म्हणजे बसम्माचा नवरा, सरकीच्या व्यवहारासाठी नांदेडला गेला होता आणि त्याला दिवस लागणार होते. घरात सून आणि सासरा दोघंच. बसम्मानं दसरा काढायला घेतला. गोधड्या धुतल्या, भिंती सारवल्या, घरातलं भांडं न् भांडं राखेनं, चिंचेनं घासून लख्ख केलं आणि जागच्या जागी लावलं. काम करून पाठ मोडली, पण कोठीकडे बघून तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

तेव्हापासून कसं कोण जाणे, घर फार सोपं चालायला लागलं. पाहुणा एकही नाही. मामांचं जेवणही उतरलं. सकाळी पूजा करून ते लगबगीनं निघायचे, "दुकानातच खातो, शंकरप्पाचा डबा असतो." शंकरप्पा हा शेजारच्या दुकानातला त्यांचा जुना मित्र. रात्री, "सांजच्याला जड खाणं सोसंना गं," म्हणून वाटीभर ताकावर झोपायचे. बसम्मानं आग्रह केला, नाही असं नाही. पण थोडासाच केला. मडक्यातली डाळ उतरत नव्हती, पिठाचा डबा जिथल्या तिथे होता, आणि काटकसर करणाऱ्या बाईला असलं सुख फार गोड लागतं.

भाकरीच्या दुरडीचंही एक नवल होतं. रात्री झाकण उघडावं तर आपण केलेल्या भाकरींच्या वर अर्धी भाकर जास्त. जाड, जरा करपलेली, कोंड्याची. बसम्माच्या भाकरी पापुद्र्यासारख्या पातळ. माहेरी त्यांचं नाव होतं. तिनं मनाशी म्हटलं, घाईत पडली असेल एखादी जाड. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्याचे कुटके करून फोडणी दिली आणि खाल्ले. पुन्हा अर्धी निघाली, पुन्हा खाल्ली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा तिनं देवापुढे हात जोडले. घरात बरकत आली, दुसरं काय?

सोमवारी ती मुठीची ज्वारी पिशवीत भरून मठात गेली. मठाच्या मागच्या अंगणात रोज दुपारी दासोह चाले. वाटसरू, हमाल, निराधार म्हाताऱ्या, येईल त्यानं बसावं आणि जेवावं. पंगत बसलेली होती. बसम्मा मठाच्या कोठीकडे वळली आणि तिचा पाय तिथेच थबकला.

पंगतीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, रुमाल कपाळावर ओढून तिचे मामा बसले होते.

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला बसवून मग स्वतः पान घेतलं, ते चंद्रप्पा पत्रावळीवरच्या कण्या मान खाली घालून खात होते. बसम्मा खांबाआड झाली. आधी तिला संताप आला. घरात भरलेली मडकी सोडून हा माणूस इथे बसतो? लोक सुनेला काय म्हणतील? तेवढ्यात वाढप्यानं त्यांच्या पानात भाकर टाकली. जाड, जरा करपलेली, कोंड्याची. चंद्रप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, भाकर मधोमध मोडली, एक अर्धी खाल्ली आणि दुसरी उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.

बसम्माच्या हातातली पिशवी खाली टेकली. इतके दिवस आपण बरकत म्हणून खाल्ली ती ही भाकर होती. मामांच्या ताटातली अर्धी.

पण का? पिशवी कुणाच्या तरी हातात देऊन ती घराकडे धावतच सुटली, आणि कोपऱ्यावर येऊन तिनं पहिल्यांदा आपली खिडकी रस्त्यावरून पाहिली. तांब्या पालथा होता. दसऱ्याच्या घासण्यात तिनं तोही घासला होता, आणि रिकामं भांडं पालथं घालायची हाताची सवय. त्यानंतर घरात काही कमी पडलं नाही, म्हणून तिनं त्याला हातही लावला नव्हता. नियम तिचाच होता आणि खूणही तिचीच, आणि दोन्हींची गाठ पडली तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही. इकडे मामा रोज येता-जाता ती खूण वाचत होते. त्यांना वाटलं, मुलगा परगावी, दुकानात येणारं धान्य लेव्हीत गेलेलं, घरातलंही संपत आलेलं, आणि ही पोरगी पुन्हा तोंड मिटून उपाशी राहतेय. बोलायचं नाही असं ठरलेलं. मग त्यांनी घरातला एक खाणारा कमी केला. स्वतःला.

आपण किती मूर्ख, असं तिला वाटलं, आणि त्या माणसावर इतकी माया दाटून आली की तिला रस्त्यात उभं राहवेना. तिनं आत जाऊन तांब्या सरळ केला, वर पाण्यानं काठोकाठ भरला, आणि चूल पेटवली.

चंद्रप्पा आले ते दबकत. रोजच्यासारखे पाणी प्यायला म्हणून दुरडीपाशी गेले आणि खिडकीकडे बघून तसेच उभे राहिले.

"मामा, माझी चूक झाली," बसम्मा चुलीपासून उठून म्हणाली. "भांडी घासली तवा तांब्या पालथा ऱ्हाइला. मी इसरले. घरात समदं हाय. या, बगा."

तिनं त्यांना कोठीत नेलं आणि एकेका मडक्यावरचं झाकण काढलं. चंद्रप्पांनी लहान मुलासारखा ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, मग तुरीत, मग हरभऱ्यात. "भरलंय की गं," ते म्हणाले. "समदं भरलंय." आणि मग, "म्हंजी तू जेवत होतीस?"

"पोटभर."

त्यांनी डोळे पुसले. घरात दाणा आहे म्हणून नव्हे, सून जेवलेली आहे म्हणून. मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी उपरण्याचं टोक पाठीमागे लपवलं.

बसम्मानं पदर पुढे पसरला. "द्या मामा."

"काय द्या?"

"ती अर्धी. माझी हाय ती."

तिनं आपल्याला मठात पाहिलंय, हे त्यांना कळलं. मग त्यांनी उपरणं पुढे आणून गाठ सोडली. बसम्मानं ती जाड, कोंड्याची भाकर तिथेच उभ्यानं, काही न लावता, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. घास गिळताना रडू येत होतं, पण तिनं एक कण खाली पडू दिला नाही.

"आता तुमी बसा," ती म्हणाली. पाट मांडला, ताट वाढलं. चंद्रप्पांनी पहिला घास हातात घेतला, आणि तो तसाच धरून रस्त्याकडे, खिडकीतल्या त्या भरल्या तांब्याकडे पाहिलं.

"बसम्मा," ते जरा चाचरत म्हणाले, "मठात माझ्या शेजारी चाकूरचा एक गाडीवान बसायचा. माणिकप्पा. अजून पारावरच आसंल बग तो."

बसम्मानं पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. "जावा, घेऊन या. मी थापते," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं सगळ्या भाकरी मुद्दाम जाड केल्या.