अमुकच्या जागी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. सानपाड्यातली एक सोसायटी, पाचवा मजला, भर दुपार. खिडकीला कबुतरांची जाळी, तिची सावली टेबलावर. टेबलावर दोन कॉम्प्युटर, एक पिवळट पडलेला, एक नवाकोरा. आणि समोर तुमच्याच वयाची सई, नखं खात बसलेली. दिसली?

जुना कॉम्प्युटर सुनयनाआत्याचा. आत्या दिवाळीआधी तापाने गेली. त्यापूर्वी तिने सईसाठी एक इवलासा प्रोग्राम लिहिला होता. चालवला की पडद्यावर उमटायचं, 'खारूताई, दार उघडंच आहे गं.' सईला खारूताई म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

पाच वाजता भंगारवाला जुना कॉम्प्युटर नेणार होता. सईने सगळ्या फायली नव्यात आणल्या, लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम करून देणाऱ्या कंपायलरकडून तो पुन्हा बनवून घेतला. तिथे उमटलं, ' , दार उघडंच आहे गं.' हाकेच्या जागी पोकळी.

तिने खालच्या मजल्यावरून प्राचीमावशीला ओढतच आणलं. मावशी आत्याच्याच ऑफिसातली. तिने कंपायलरच्या सेटिंगची फाइल उघडली.

"हे बघ. डॉलरचं चिन्ह आणि कंसात 'हाक'. नाव इथे नाहीच. पूजेच्या पोथीत 'अमुक गोत्र, अमुक नाव' असतं ना? भटजी त्या जागी ज्याच्या घरी पूजा त्याचं नाव घेतात. तसंच हे. कंपायलरला असं अमुक दिसलं, की तो कॉम्प्युटरला विचारतो, तुझ्याकडे 'हाक' म्हणजे काय?"

"आणि भटजी 'अमुक'च म्हणाले तर?"

"मग पुण्य अमुकरावांना!" दोघी हसल्या. "नव्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून रिकामं. जुन्यात बघू, इकडे लिहू. टेन्शन नको."

जुन्या कॉम्प्युटरला अशी जी जी नावं सांगून ठेवली होती, त्यांची यादी मावशीने काढली. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. 'हाक' त्यात नव्हतीच.

"मग ह्या जुन्यात आत्याने तेव्हा बनवलेला प्रोग्रामच चालत असेल. पूस तो. इथेच पुन्हा बनव."

सईने जुन्यातला पुसला. तिथेच पुन्हा बनवला. चालवला.

'खारूताई, दार उघडंच आहे गं.'

मावशीचं हसू मावळलं. तिने कीबोर्डवरचा हात हळूच काढून घेतला.

"मग ह्याला सांगतंय कोण?"

सईने वळून पाहिलं. येताना तिने स्वतः लावलेलं बाहेरचं दार किलकिलं झालं होतं. पलीकडे जिना रिकामा होता.

इंटरकॉम वाजला. भंगारवाला गेटवर आला होता.

"नव्यात मी 'खारूताई' लिहू का?" मावशीने दबक्या आवाजात विचारलं.

"नको. तू लिहिलंस तर ती तुझी हाक होईल."

सईने नवा कॉम्प्युटर पुढे ओढला. 'हाक' लिहिलं, बरोबरीचं चिन्ह दिलं आणि पुढे एकेक अक्षर सावकाश टाइप केलं. प्रोग्राम बनवला, चालवला.

'आत्या, दार उघडंच आहे गं.'

मग ती उठली, आणि ते किलकिलं दार तिने सताड उघडलं.