लाल फुली

सेक्रेटरींची सगळी हयात टपाल खात्यात पाकिटं वेगळी करण्यात गेली. अर्धा पत्ता पुसलेलं, घरनंबर चुकलेलं पाकीट दुसऱ्या कुणी कोपऱ्यात फेकलं असतं. हे गृहस्थ ते बरोबर मुक्कामी पोचवायचे. निवृत्त झाल्यावर इमारतीने त्यांना सेक्रेटरी केलं आणि तीच विद्या त्यांनी कचऱ्याला लावली. मागच्या बोळात कुणी पिशवी भिरकावली की हे हातमोजे चढवणार, लांब चिमटा घेणार, आणि पिशवी उकलून मालक हुडकून काढणार. औषधाची रिकामी पट्टी, वहीचं फाटलेलं पान, कुरियरच्या वेष्टनाचा एक तुकडा, एवढं पुरे. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने नव्या फ्रीजचं थर्माकोल बोळात टाकून हात झटकले होते. तिसऱ्या दिवशी त्याचा घरनंबर फलकावर!

शिक्षा ठरलेली होती. कचऱ्याचा फोटो खालच्या फलकावर लागायचा, त्याखाली घरनंबर, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता गुन्हेगाराने सगळ्यांदेखत बोळ झाडायचा. लोक चहाचे कप घेऊन गॅलरीत उभे राहायचे. दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला आवडत नाही हो? डॉक्टर झाडत होता तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

नियमही सगळे सेक्रेटरींचेच. ओला वेगळा, सुका वेगळा. आणि डायपर-बियपर असेल तर ते वर्तमानपत्रात गुंडाळायचं, त्यावर लाल पेनने मोठी फुली मारायची, आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या हातात द्यायचं. त्या बापड्यांनी उघड्या हाताने घाण का चिवडावी? मुद्दा शंभर टक्के खरा होता. मावशी रोज सकाळी जिना चढता चढता खड्या आवाजात विचारायच्या, "लाल आहे का कुणाचं?" ज्या घरात तान्हं मूल असेल तिथून उत्तर यायचं, "आहे, आहे!" सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. बाळाचं काय, त्यात लाजायचं कशाला?

तर गेले तीन आठवडे बोळात जवळजवळ रोज काळी पिशवी पडत होती. कुत्री ती ओढत न्यायची, फाडायची, माशा घोंघावायच्या. सेक्रेटरी इरेला पेटले होते. बुधवारी सकाळी कुत्र्यांच्या आधी पिशवी त्यांच्या हाती लागली. चिमट्याने तोंड उघडलं तर आत कापडात करकचून बांधलेली तीन गाठोडी, आणि असा भपकारा की त्यांनी नाक दाबून मान फिरवली. आतलं काय आहे ते बघायचा धीर झालाच नाही. पण कापड बघितलं. निळ्या फुलांच्या चिंध्या, एका चिंधीवर खडूची रेघ, आणि गाठ मारायला कापडाची कातरलेली किनार. आणखी काय पुरावा पाहिजे? इमारतीत शिवणयंत्र एकाच घरात होतं. तळमजल्यावर, फलकाच्या समोरच्याच खोलीत, खिडकीशी बसून शिवणकाम करणारी बाई राहायची. भाडेकरू. एकटी. सगळे तिला शिवणताई म्हणायचे.

दुपारी फोटो फलकावर लागला. सेक्रेटरींची छाती दोन इंच फुगली.

संध्याकाळी शिवणताई तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारात उभी. गळ्यात मापाची पट्टी तशीच लोंबत होती.

"साहेब, चिंध्या माझ्या आहेत. पिशवी माझी नाही."

"ताई, प्रत्येक जण हेच म्हणतो."

"अहो, चिंध्या मी मागेल त्याला देते. पुसायला, गाडी धुवायला. मला कशाला हव्यात?"

"मग कुणाला दिल्या, नाव सांगा. आत्ता तुमचा नंबर काढतो."

शिवणताईने तोंड उघडलं, आणि तिची नजर सेक्रेटरींच्या खांद्यावरून आत गेली. आत स्वयंपाकघराच्या दारात सेक्रेटरींची बायको उभी होती. मागे नळ धो धो वाहत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"आठवत नाही," शिवणताई म्हणाली. मग खालच्या आवाजात, "साहेब, मालकांनी आधीच बजावलंय. भाडेकरूची तक्रार आली तर खोली खाली करायची. ते रविवारी येणारेत. नंबर काढलात तर उपकार होतील."

"नियम सगळ्यांना सारखा," सेक्रेटरी म्हणाले आणि दार लावलं.

मागे वळले तर बायको तिथेच.

"नळ बंद कर की," ते म्हणाले.

"त्या पिशव्या मी टाकल्या."

सेक्रेटरींना आधी वाटलं, ही थट्टा करतेय.

"बाबांचे डायपर आहेत त्यात," ती दबक्या आवाजात म्हणाली. बाबा म्हणजे सेक्रेटरींचे वडील, पलीकडच्या खोलीत झोपले होते. "चिंध्या मीच मागून आणल्या. वास बाहेर येऊ नये म्हणून गुंडाळायला."

"अगं पण बोळात? वेड लागलंय का तुला? नियमाप्रमाणे लाल..."

"काय लाल? मावशी जिन्यात ओरडणार, लाल आहे का कुणाचं, आणि मी ओरडू, आहे हो, तिसरा मजला? आपल्याकडे तान्हं बाळ कुठाय? बादलीत टाकावं तर मावशी बादली उपसून बघतात, तुम्हीच शिकवलंय. आणि पहिल्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात? आठवतं? 'बाबांचं हे कुणाला कळता कामा नये. काय वाटेल ते कर, पण घराबाहेर चर्चा नको.' मग केलं मी काय वाटेल ते! रोज पहाटे चोरासारखी खाली जाते. मला काय हौस आहे?"

सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले. बोलले होते ते हे. अगदी असंच, शब्दन् शब्द.

आता बाबा कोण, हे सांगायला पाहिजे. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले तरी पाठ ताठ, बूट पांढरेशुभ्र, आवाज असा की रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा ब्रेक दाबेल. इमारतीतल्या निम्म्या बाप्यांना त्यांनी मैदानात पळवलेलं. तो दातांचा डॉक्टरही त्यांचाच विद्यार्थी. अशा माणसाला लघवी धरवत नाही हे लोकांना कळलं तर? सेक्रेटरींना कल्पनेनेच कानकोंडं व्हायचं. बाबांना काय वाटतं हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. कुठल्या तोंडाने विचारणार?

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता ते गुपचूप खाली उतरले. फलकावरच्या कागदाचे चारही खिळे काढले, कागद घडी करून खिशात टाकला. हुश्श म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज.

"काय सेक्रेटरी, माफ केलंत वाटतं?" डॉक्टर फिरायला निघाला होता. "आम्हाला नाही हो माफ केलं! आम्ही झाडलं निमूटपणे. का बाईमाणूस बघून विरघळलात?"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. 'चूक झाली, पिशवी तिची नाही.' बस, एवढंच. कुणाची आहे तेसुद्धा सांगायची गरज नव्हती. पण डॉक्टरने लगेच विचारलं असतं, मग कुणाची?

"नाही, नाही. वाऱ्याने फडफडत होता. नीट लावतोय," ते म्हणाले. आणि खिशातला कागद काढून, घड्या हाताने सरळ करून, त्याच चार भोकांत पुन्हा ठोकला. उगीच एक खिळा जास्त मारला. डॉक्टर हसत निघून गेला.

त्या दिवसापासून सेक्रेटरींना अन्न गोड लागेना. जिना उतरताना तळमजला आला की ते मान खाली घालायचे आणि झपझप पुढे सटकायचे. शिवणयंत्राची खडखड दारातून जाईपर्यंत चालू असायची, ते बाहेर पडले की थांबायची. का थांबते, हे बघायची छाती झाली नाही. बायको घरात दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हती. शुक्रवारी एकदाच म्हणाली, "तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"मी सांगतो. थांब जरा."

थांबता थांबता रविवार उजाडला.

नऊच्या ठोक्याला शिवणताई हातात खराटा घेऊन बोळात आली. पदर खोचलेला, नजर जमिनीला. गॅलऱ्या भरल्या होत्या. तिचा घरमालक स्कूटर लावून, हाताची घडी घालून उभा. मावशी कचऱ्याची गाडी घेऊन बाजूला थांबल्या होत्या. त्यांनाही हा तमाशा आवडलेला दिसत नव्हता. सेक्रेटरी मध्यभागी, हातात चिमटा.

शिवणताई झाडायला लागली. पाठ वाकवून, एका रेषेत, शिवणीसारखंच नीटस.

"साफ झालं की बोलू खोलीचं," घरमालक मोठ्याने म्हणाला.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. सगळे बघायला लागले. सांगायचं होतं. देवाशप्पथ, सांगायचंच होतं. ओठ हलले आणि तोंडातून निघालं काय?

"तो... तो पाण्याच्या पाइपाखालचा कोपरा राहिलाय."

शिवणताईने वर बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आणि पाइपाखाली खराटा घातला. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते सेक्रेटरींना त्या घटकेला कळलं.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी बुटांचा आवाज आला. बाबा. पांढरे बूट, इस्त्रीची पँट, एका हाताने भिंतीचा आधार, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं. पुडक्यावर लाल फुली. एक रेघ कडेबाहेर गेली होती. मागे सेक्रेटरींची बायको, डोळे लाल.

"मावशी, आज विचारलं नाहीत?" बाबा म्हणाले. तोच मैदानावरचा आवाज.

"काय विचारायचं, सर?"

"लाल आहे का म्हणून."

मावशी गडबडल्या. "आहे का?"

"आहे! तिसरा मजला. माझं." त्यांनी पुडकं पुढे केलं. "रोज दोन निघतील. कधी तीन. आणि त्या काळ्या पिशव्याही माझ्याच."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत डॉक्टरने कप कठड्यावर ठेवला आणि नकळत सरळ उभा राहिला.

"बाबा, तुम्ही कशाला..." सेक्रेटरी पुढे झाले.

"मला ऐकू येतं रे. धरवत नाही, तेवढंच," बाबा म्हणाले. मग ते चालत शिवणताईपाशी गेले, तिच्या हातातून खराटा घेतला आणि झाडायला वाकले. गुडघे वाकेनात. दोन फटकारे मारले, तिसऱ्याला तोल गेला. सेक्रेटरींनी धावत जाऊन धरलं.

"द्या इकडे, बाबा."

बाबांनी खराटा सोडला नाही. पोराच्या तोंडाकडे बघितलं. "मी तान्हा होतो तेव्हा माझं आईने धुतलं. तुझं मी धुतलं. त्यात लपवायचं काय होतं? पण दुसऱ्याच्या पोरीला झाडायला लावलंस..." खराटा दिला आणि सुनेचा हात धरून जिन्याकडे वळले. वर जाताना एकदाही मागे बघितलं नाही.

घरमालकाने स्कूटरला लाथ घातली. "बरंय, ताई, खोलीचं राहू द्या," असं काहीतरी पुटपुटत तो सटकला. गॅलऱ्या एकेक करून रिकाम्या झाल्या. आज टाळ्या नाहीत. सेक्रेटरींना वाटलं, कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी बोळ झाडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. भिंतीच्या कडेला चिखलात निळ्या फुलांच्या चिंध्या रुतल्या होत्या, कुत्र्यांनी ओढून नेलेल्या. चिमट्याने निघेनात. त्यांनी हातमोजे काढले आणि बोटांनी एकेक उपटली. मावशी गाडी धरून उभ्याच होत्या. "राहू द्या साहेब, मी करते," म्हणाल्या. सेक्रेटरींनी नकारार्थी मान हलवली.

हात धुऊन ते शिवणताईच्या खिडकीशी गेले. ती यंत्रात दोरा ओवत बसली होती.

"ताई, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं..."

"कधी माहीत नव्हतं?" तिने वर न बघता विचारलं.

सेक्रेटरींनी ओले हात पँटला पुसले.

"बुधवारी तुमच्या मंडळींचा चेहरा बघितला, तेव्हाच मला कळलं. म्हटलं, बिचारीची अडचण असेल, आपण कशाला नाव घ्या. त्या सांगतील नाहीतर तुम्ही सांगाल." सुईच्या नेढ्यातून दोरा गेला. तिने तो ओढून घेतला. "गुरुवारी सकाळी मी इथेच बसले होते. तुम्ही कागद काढलात. अहो, इतका जीव भांड्यात पडला माझा! उठून चहा टाकला मी. तुम्हालाही हाक मारणार होते."

समोरच, हातभर अंतरावर, फलक होता.

"मग ठोकल्याचा आवाज आला," ती म्हणाली.

सेक्रेटरी वळले आणि फलकापाशी गेले. चार खिळे निघाले. पाचवा, तो जास्तीचा, निघता निघेना. ते नखांनी ओढत राहिले, आणि मागे यंत्र काही सुरू होत नव्हतं.