लाल दोऱ्याचा नॅपकिन

मी एक नॅपकिन बोलतोय. बेसिनशेजारी दुसऱ्या खुंटीवर टांगलेला, कोपऱ्यात लाल दोरा असलेला. दिसतो गरीब, पण मनात डूख धरून आहे.

माझी मालकीण कपडे शिवते. तिला दमा आहे. फ्लूची साथ आली तेव्हा तिने एकाच कापडातून तीन नॅपकिन बेतले. थोरल्या भावाला निळा दोरा, वहिनीला हिरवा, स्वतःला मी. "ज्याचा त्याने वापरायचा," असं तिने बजावलं.

दादाचं केस कापायचं दुकान. तिथे दर गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल. घरी मात्र शिस्तीला रजा! "घरच्या माणसांत कसलं आलंय तुझं-माझं?" म्हणत हाताला येईल तो नॅपकिन ओढायचा.

गेल्या वर्षी तो तापाने फणफणला होता. एका सकाळी त्याने मला नाक पुसलं आणि गुपचूप परत टांगलं. तासाभराने मालकिणीने मलाच तोंडाला लावलं. मी ओरडणार कसा? दोन दिवसांनी तिला श्वास पुरेना. नऊ दिवस दवाखान्यात काढले तिने. दादा मात्र सांगत सुटला, "हवाच खराब आहे हो!" त्याच दिवशी ठरवलं, याला सोडायचं नाही.

यंदा त्याला पुन्हा ताप आला. वहिनीने त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, खिडकी उघडली, ताट-पेला बाजूला काढला. निळा नॅपकिनही आत दिला. त्या दुपारी मालकिणीने मिरच्या चिरल्या आणि घाईत हात मलाच पुसले. तो तिखटपणा मी धाग्याधाग्यात धरून ठेवला आणि वाट बघत बसलो.

आला! चोरपावलांनी आला, शिंकला, आणि मला ओढून डोळ्यांपासून नाकापर्यंत तोंड खसाखसा पुसलं.

"मेलो, मेलो!"

दोघी धावत आल्या. त्याच्या मुठीत मी, लाल दोरा बाहेर लोंबतोय. मालकिणीने ओढणी नाकाशी धरली आणि दारातूनच विचारलं, "दादा, गेल्या वर्षीही हाच वापरला होतास?"

तो बेसिनवर वाकून डोळ्यांवर पाणी मारत राहिला. मग त्याने होकारार्थी मान हलवली.

आता साबणाने हात धुतल्याशिवाय तो खुंटीकडे फिरकत नाही. आम्हा तिघांना तोच उकळत्या पाण्यात धुतो. मालकिणीने त्याला माफ केलंय. मी नाही. मी विरत चाललोय, पण दोरा शाबूत आहे.

तुमच्याही घरी माझे भाऊबंद टांगलेले असतील. आजारी असाल तर आपली खुंटी सोडू नका. आम्हाला ओरडता येत नाही, पण आठवतं सगळं.