लंकाबाईच्या घरचं लोखंड

दिवाळी सरली की खर्ड्याच्या पलीकडची आमची वाडी ओस पडायची. बैल, गाड्या, बायका, कडेवरची पोरं, सगळं ऊसतोडीला. मागं उरायच्या त्या थकलेल्या म्हाताऱ्या, एखादं आजारी माणूस आणि कुत्री. अशा वाडीवर चोरांचा डोळा असायचा. आमच्या घरात सोनंनाणं कुठलं सापडायला? पण लोखंड होतं. कुदळ, टिकाव, खोरं, पहार, नांगराचा फाळ. लांबच्या बाजारात नेऊन विकलं तर ते कुणाचं हे कोणी विचारत नाही.

म्हणून वाडीनं एक रीत पाडली होती. निघायच्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या अवजारांचे दांडे काढायचे. दांडे घरातच आढ्याला खोचायचे आणि नुसतं लोखंड मागं राहणाऱ्या लंकाबाईच्या घरी नेऊन द्यायचं. घर फोडणाऱ्याच्या हाती लाकडं लागायची. उन्हाळ्यात ऊसतोडीची टोळी परतली की माणसं आधी लंकाबाईच्या दारात जायची आणि मग आपल्या. आढ्याला दांडा आहे म्हणजे त्या घरचा माणूस येणार, हे वाडी धरून चालायची. कोणी वाडी कायमची सोडली किंवा कुणाचं लोखंडच गेलं, तर त्या घरात दांडे ठेवत नसत, वाटून टाकत. ज्यांचं लोखंडच उरलं नाही असे दांडे घरात राहणं वाईट, असं जुनी माणसं सांगायची. का वाईट, ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही, पण सांगायची मात्र ठासून.

लंकाबाईच्या घराला साधी कडी होती. कुलूप तिनं कधी आणलंच नाही, कारण ती घर सोडायचीच नाही. टोळी गेल्यापासून परत येईपर्यंत ही बाई उंबऱ्याच्या आत नाहीतर ओट्यावर. पाण्याचा हंडा गोजरबाई आणून द्यायची. गोजरबाई तिच्याच वयाची, तिच्यासारखीच मागं राहिलेली. तिला वाटायचं, ही लंका लोखंडापायी स्वतःला कोंडून घेते. ते खरंही होतं. पण ते लोखंड घरात असलं की लंकाबाईला घर भरल्यासारखं वाटायचं. माहेराला आलेल्या लेकींचं करावं तसं ती एकेक फाळ पुसायची, करडईच्या तेलाचा हात फिरवायची, आणि हा कुणाचा, तो कुणाचा, असं स्वतःशीच बोलत बसायची. माणसं नव्हती, तर माणसांच्या हातातलं तरी जवळ होतं.

उन्हाळ्यात सगळं लोखंड आपापल्या घरी जायचं. एकाचं मात्र जायचं नाही, ते तिच्या लेकाचं, श्रीमंतचं. त्यापायी ती टोळी वाडीत असतानाही घर सोडून बाजाराला जायची नाही. तो टोळीबरोबर प्रवरेकडं गेला, तिकडंच त्याचं लग्न झालं आणि तिकडंच तो रमला. दर वर्षी टोळीबरोबर सांगावा यायचा, औंदा जमत न्हाई, पुढच्या साली बगू. लंकाबाई म्हणायची, येईल. लोखंड हाय त्याचं माझ्याकडं. एवढ्याच आधारावर ती राहिली होती आणि मला तिचा कधी राग यायचा तर कधी कीव. लेकरू आईसाठी येत नाही ते कुदळीसाठी कशाला येईल, हे तिला कोणी तोंडावर सांगितलं नाही. आम्ही तसे भित्रेच.

एकाहत्तर साली पावसानं पुन्हा दगा दिला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली. टोळी लवकर निघायचं ठरलं. टोळीचा मुकादम आसाराम कारखान्यावर आगाऊ उचल ठरवायला गेला होता, तो परत आला आणि थेट लंकाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. त्यानं सांगितलं की श्रीमंत येतोय, टोळी न्यायला येणाऱ्या ट्रकमधूनच. लंकाबाईच्या तोंडावर असा काही आनंद आला की आसाराम पुढचं सांगायला जरा घुटमळला. मग त्यानं सांगून टाकलं. श्रीमंतला संगमनेरकडं एकाची बागायत वाट्यानं मिळाली होती. त्याला आपली अवजारं न्यायची होती.

लंकाबाईनं आसारामला चहा दिला. तो गेल्यावर ती आत जाऊन लेकाच्या लोखंडापाशी बसली. तिचा हिशेब सरळ होता. हे गेलं की त्याला इकडं यायचं कारणच उरत नाही. हे राहिलं तर कधी ना कधी येणं भाग आहे. त्या साली रिकाम्या राहिलेल्या धान्याच्या कणगीत तिनं फाळ, कुदळ, टिकाव आणि पहार ठेवली आणि वरून भुसा लोटला. उभ्या जन्मात तिनं दुसऱ्याच्या खिळ्याला हात लावला नव्हता. पण हे तिला चोरीसारखं वाटलं नाही. लेकाला थोडं थांबवून ठेवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

ट्रक आला तो सकाळी, वाडीची नुसती धांदल चाललेली असताना. कुणी भांडी बांधत होतं, कुणी दांडे काढत होतं. लंकाबाईच्या दारात लोखंड घेऊन माणसं उभी होती, त्यांच्यातूनच वाट काढत श्रीमंत आला. अंगानं भरला होता, पायात चप्पल होती. तो आईच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, भाकरी वाढली, सुनेचं विचारलं, नातवाचं विचारलं. नातू तिनं पाहिलाही नव्हता. जेवून हात धुतल्यावर त्यानं हसत हसत लोखंड मागितलं.

लंकाबाई म्हणाली, "चोरीला गेलं."

दारातल्या माणसांनी हातातलं लोखंड खाली ठेवलं. आसाराम पुढं आला. त्यानं विचारलं, कधी गेलं? तिनं सांगितलं, मागच्या बाजाराच्या दिवशी, मी खर्ड्याला गेल्ते तवा. तिला वाटलं, यावर हे प्रकरण मिटेल. खोटं बोलायची सवय नसली की असंच होतं, माणूस सगळ्यात वाईट खोटं निवडतो. कारण वाडीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की लंकाबाई घर सोडत नाही. आणि सोडलंच असेल, तर राखणीतला माणूस घर उघडं टाकून बाजाराला गेला, असा त्याचा अर्थ. त्यापुढचं तर आसारामनं बोलूनच दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच आलं. बाजरी पिकली नाही, घरात दाणा नाही, आणि लेकाचं लोखंड खर्ड्याच्या बाजाराच्या दिवशीच जातं.

श्रीमंत तिच्या शेजारी बसला. आवाज खाली करून म्हणाला, "आये, इकलं असशील तर सांग. पोटासाठी इकलं असशील, मी एक शबुद बोलायचा न्हाई."

आता खरं सांगायला हवं होतं. कणगी तीन हातांवर होती. पण खरं सांगितलं असतं तर तो ते घेऊन गेला असता, आणि आई लेकापासून लोखंड लपवते हे साऱ्या वाडीनं पाहिलं असतं. ती खाली बघत राहिली. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ श्रीमंतनं लावला तो चुकीचा, पण मायेनंच लावला. त्याचे डोळे भरून आले. त्यानं वाटेत आपल्या घरासाठी घेतलेलं ज्वारीचं पोतं ट्रकमधून उतरवलं आणि आईच्या घरात आणून ठेवलं. हवं होतं काय आणि मिळालं काय. लंकाबाईला त्या पोत्याकडं बघवेना.

मग त्यानं जे केलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो पाटावर चढला, आढ्याला खोचलेले आपले दांडे काढले आणि दारातल्या माणसांना देऊन टाकले. लोखंड गेलेल्या घरात दांडे ठेवायचे नसतात, हे त्याला तिनंच लहानपणी शिकवलं होतं. बाभळीचे, हातानं घासून गुळगुळीत झालेले दांडे. ज्यांना मिळाले त्यांनीही नको म्हटलं नाही, चांगला दांडा कोण सोडतो. लंकाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रे येक."

तो म्हणाला, "कशाला आता, आये?"

तोवर आसारामनं माणसांना बाजूला घेतलं होतं. लंकाबाईला कोणी वाईट बोललं नाही, हे वाडीच्या चांगुलपणाचं म्हणावं लागेल. पण उभी राहिलेली माणसं आपापलं लोखंड उचलून गोजरबाईच्या घराकडं गेली. एक जण तर लंकाबाईच्या ओट्यावर टेकवलेला फाळ न्यायला परत आला आणि तिच्याकडं न बघता घेऊन गेला. दुपारी ट्रक निघाला. श्रीमंतनं वरून हात केला. या वेळी पुढच्या सालाचं तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत आवाज म्हणून राहिला नाही. लंकाबाईनं सवयीनं तेलाची वाटी घेतली आणि मग तिच्या लक्षात आलं की पुसायला काही नाही. कणगीतलं बाहेर काढायची सोय नव्हती. दार लावून काढावं, तर आपल्याच घरात चोरासारखं दार लावायचं. ती ओट्यावर बसून राहिली. उन्हं कलली तशी गोजरबाईची हाक आली. तिला लोखंडाचं काही उमजत नव्हतं, ढीग कसा लावायचा, तेल किती लावायचं, कुणाचं कुठलं. लंकाबाई लगबगीनं उठली. तिच्या अंगात एकदम जीव आला. जाता जाता ती सांगायलाही लागली की फाळ खाली ठेवायचे, कुदळी वर, जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, वाळवी दांड्याला लागते पण ओल लोखंडाला खाते.

गोजरबाई आपल्या दारात आडवी उभी होती. ती बाजूला झाली नाही. तिला लाज वाटत होती, तिनं मान खाली घातली होती.

"तू भाईरूनच सांग लंके," ती म्हणाली. "मला सांगून गेलेत तसं. मी काय करू?"

लंकाबाई उंबऱ्याबाहेर थांबली. आत भिंतीशी सगळ्या वाडीचं लोखंड वेडंवाकडं टाकलेलं तिला दिसत होतं. मग तिनं बाहेरूनच सांगितलं. तो रुंद फाळ कुणाचा, ती तुटक्या कानाची कुदळ कुणाची, कुणाला तेल जास्त लागतं, कुणाचं लवकर गंजतं. एकेक नाव घेऊन, शेवटपर्यंत सांगितलं. श्रीमंतचं नाव त्यात नव्हतं. सांगून झाल्यावर ती आपल्या घरी परत आली.