अकरा महिन्यांचा शेरा

पाणी निरीक्षकाने तिसऱ्यांदा बाक सोडला, दारापर्यंत गेला आणि पुन्हा येऊन बसला. आत नगरपालिकेच्या मुख्याधिकारी बाई फाईल वाचत होत्या. टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराचा ठेका कामातल्या कसुरीबद्दल रद्द करायचा की नाही, हे तीनच्या सुनावणीत ठरणार होतं. शाळेमागच्या टाकीत वीतभर गाळ आणि मेलेलं कबूतर सापडलं होतं. एकोणीस मुलं आजारी पडली, त्यातली दोन अजून दवाखान्यात होती.

करारातली अट सरळ होती: कसूर सिद्ध झाली की नगरपालिका ठेका मोडू शकते. घोडं पेंड खात होतं ते सिद्ध करण्यापाशी. अकरा महिन्यांच्या अकरा तपासणी-पत्रकांवर ‘काम समाधानकारक’ असा शेरा होता, आणि खाली निरीक्षकाची सही.

आणि हा गडी एकदाही टाकीवर चढला नव्हता. कारण काय, तर गुडघा! झाकण लागलेलं दिसतं, नळाला पाणी येतं, मग पत्रक खाली उभं राहूनही भरता येतं, हे त्याला पहिल्याच महिन्यात उमगलं होतं.

“सही करायला गुडघा लागत नाही वाटतं?” सकाळी बायकोने विचारलं होतं. तो चहा अर्धा टाकून निघाला होता.

खरं बोललं तर आठ महिन्यांवर आलेली निवृत्ती गेली खड्ड्यात. गप्प बसलं तर हाच ठेकेदार पुढची दोन वर्षं त्याच टाक्या धुणार. धुणार कसल्या, डोंबलाच्या!

तेवढ्यात ठेकेदार आला आणि फाईल मांडीवर ठेवून शेजारी टेकला.

“साहेब, पाय किती हलवताय. बाक मोडेल.”

निरीक्षकाने गुडघ्यावर हात दाबून धरला.

“पत्रकं आणलीत सगळी. तुम्ही काही बोलू नका, मी बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

तीनला दोघांना आत बोलावलं. बाईंनी पत्रकं एकेक करून उलटली.

“शेरे तर चांगले आहेत. मग कसूर कुठे धरायची?”

ठेकेदार खुर्चीत मागे रेलला. निरीक्षक मात्र उठून उभा राहिला.

“बाई, शेरे खोटे आहेत. मीच लिहिलेत. वर कधी चढलोच नाही मी.”

“हे लिहून द्याल?”

त्याने लिहून दिलं. पहिली ओळ खोडून पुन्हा लिहावी लागली. बाईंनी कागद दोनदा वाचला.

“ठेका आजच रद्द होईल. तुमच्या चौकशीचं पत्र उद्या मिळेल.”

बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आता आपल्याला धडकी भरेल. पण उलट मोकळं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. हल्ली असं स्वतःहून कबूल करतं कोण? बायकोला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं.

ठेकेदार जिन्यापाशी थांबला होता. तो अंगावर येईल म्हणून निरीक्षकाने मन घट्ट केलं. पण तो आवाज न चढवता बोलला.

“पहिल्या महिन्यात धुतली होती मी टाकी. स्वतः आत उतरून, घासून. नवा ठेका होता, हौस होती. तुम्ही तपासायला याल म्हणून दुपारपर्यंत उन्हात बसलो वर.”

“मग?”

“मग काय! खाली आलो तर पत्रक तयार, समाधानकारक. म्हटलं, कुणी बघतच नाही, तर घासायचं कुणासाठी?” त्याने फाईल काखेत मारली. “तुम्ही फाटकातून आलात तेव्हा वरून हात केला होता मी. तुमचं लक्ष नसेल.”

निरीक्षकाने जिन्याचा कठडा धरला.

“होतं,” तो म्हणाला.