शेवटच्या बाकावरची टकटक

मुकुंदरावांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. मेल्यावर त्यांनीच भूत होऊन लेकीच्या क्लासमध्ये येऊन बसावं, ही थट्टा त्यांनाही आवडली नसती. पण सुजाताला जूनपासून ती टकटक ऐकू येत होती. ती फळ्याकडे वळली की मागून यायची, पेनाचं टोपण बाकावर आपटावं तशी. वळून पाहावं तर सगळी मुलं माना खाली घालून लिहीत असत. त्यांत तिची मुलगी तन्वीही असे.

टकटक ओळखीची होती. नारायणगुड्याच्या शाळेत मुकुंदराव रोज फळ्यावर मुद्दाम एक चुकीची गोष्ट लिहायचे आणि एखादं पोर उठून "सर, हे खोटं आहे" म्हणेपर्यंत टेबलावर टोपण वाजवत उभे राहायचे. तास वाया गेला तरी फिकीर नसे. शिक्षणावर त्यांनी जन्मभर लिहिलं, भाषणं केली, त्याचं सार एवढंच होतं: जे तपासून पाहिलं नाही ते शिकलोच नाही, मग सांगणारा मास्तर असो की बाप. पोराला प्रश्न पडायच्या आत उत्तर देणं म्हणजे भूक नसताना घास कोंबणं, असं ते म्हणत. लोक त्यांना तत्त्वज्ञ म्हणायचे. शाळेच्या चालकांना ते डोकेदुखी वाटायचे.

त्याच माणसाचा हार घातलेला फोटो आता सुजाताच्या दिलसुखनगरमधल्या 'मुकुंदराव अकॅडमी'त लागला होता. परीक्षेला जाताना मुलं त्याच्या पाया पडत. फोटोखाली पाटी होती: 'डाउट तासानंतरच.' ती सुजातानेच लावली होती. एवढा सिलॅबस, एवढी मुलं, बाईनं करावं तरी काय? भागीदार हिम्मतराव तर सरळच म्हणायचे, "मॅडम, पेपरात 'का' कोण विचारतंय? रँक आली की बस. ते जुनं आता नक्को."

तिला ते पटायचं, तरी टकटक थांबत नव्हती. तिची झोप उडाली. कुणाला सांगायची सोय नव्हती. मुकुंदरावांच्या मुलीला भूत दिसतं म्हटल्यावर लोक हसले असते. लहानपणी ती अंधाऱ्या खोलीला घाबरली की वडील म्हणायचे, "आत जा, आणि काय दिसलं ते मला येऊन सांग." शेवटी तिने तेच करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं: 'नळीतली हवा काढून घेतली, तरी नाणं पिसाच्या आधीच खाली पडतं.' वडिलांची ही आवडती चूक होती; हवाच नसेल तर दोन्ही एकदमच पडतात. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतली.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"यस मॅम."

ती फळ्याकडे वळली आणि टकटक सुरू झाली. पण या वेळी ती भिंतीच्या कडेने थेट मागे चालत गेली. शेवटच्या बाकावर तन्वी फळ्याकडे टक लावून बसली होती आणि तिचा हात टोपण वाजवत होता.

सुजाताने तिला बाहेर, फोटोपाशी आणलं.

"सॉरी मम्मी," तन्वी म्हणाली. "हात आपोआप जातो."

"कधी जातो?"

"काही राँग वाटलं की. नाही तर समजलं नाही की."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही."

खरंच होतं. आजोबा गेले तेव्हा तन्वीचा जन्मही झाला नव्हता.

"मग आज उठून बोलली का नाहीस?"

तन्वीने पाटीकडे बोट दाखवलं. "तूच बोलली ना, मध्ये बोलायचं नाही. आणि तासानंतर तुला टाइमच नसतो."

सुजाताला जूनपासूनची एकेक टकटक आठवत गेली. तिने तन्वीच्या हातातली वही घेऊन उघडली. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. फळ्यावरचं खोटं तिच्या मुलीने ओळखलं होतं, आणि तरीही वळणदार अक्षरात उतरवून त्याखाली पट्टीने रेघ मारली होती.